‘एकच घास घे, काही होत नाही’ : सिलिॲक असलेल्या मोठ्या माणसाचं पथ्य आणि आपला दस्तरखान

आपल्या घरांमध्ये मेहमानाला आग्रह करून वाढणं ही शान समजली जाते. पाहुणा ‘बस्स’ म्हणाला तरी ताटात आणखी एक चमचा पडतोच. नको म्हणणाऱ्याला खालाजान विचारतात, ‘आमच्या हातचं आवडत नाही का?’ या प्रेमाच्या आग्रहापुढे एका आजाराचं पथ्य वारंवार मोडतं. त्या आजाराचं नाव सिलिॲक.

या आजारावर कायमचं बरं करणारी गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही. इलाज एकच : गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन आयुष्यभर पोटात जाऊ द्यायचं नाही. आजार लहान मुलाचा असला तर आई सगळं सांभाळते, डबा वेगळा, बिस्किट वेगळं. पण पस्तिसाव्या किंवा पन्नासाव्या वर्षी कळलं, की ज्या चपातीवर वाढलो तीच आतड्याला खाते आहे, तर सगळं अवघड होऊन बसतं. मोठ्या माणसाच्या तोंडचा घास कोण बघणार? आणि त्या घरची स्वयंपाक करणारी बाईच आजारी असेल तर तिच्यासाठी वेगळं कोण करणार?

आम्हाला या लेखात तेच सांगायचं आहे. मोठ्या माणसाचं ग्लूटेनचं पथ्य फक्त त्याच्या मनाच्या निश्चयावर टिकत नाही. ते घराच्या स्वयंपाकघरावर आणि नातेवाइकांच्या समजुतीवर टिकतं.

नेमकं होतं काय?

सिलिॲक ही ॲलर्जी नाही, अपचनही नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा ग्लूटेन दिसलं की बिथरते आणि आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं याच उंचवट्यांमधून रक्तात जातात. हल्ल्यात हे उंचवटे झिजतात आणि आतडं सपाट होतं. मग माणूस पोटभर जेवला तरी शरीराला काही लागत नाही.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध पक्का व्हायला दुसऱ्या महायुद्धाची मदत झाली, ही इतिहासातली अजब गोष्ट. नेदरलँड्समध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश भुकेनं खंगत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत मिळायला लागल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला. तेव्हापासून आजपर्यंत मूळ इलाज बदललेला नाही.

हा आजार फक्त गोऱ्यांचा किंवा फक्त लहान मुलांचा, असं अजूनही बरेच लोक समजतात. उत्तर भारतात केलेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते, की तिथे साधारण ९६ माणसांमागे एकाला सिलिॲक होता. दक्षिणेत हे प्रमाण बरंच कमी, जवळपास हजारात एक इतकं आढळलं आहे. दक्षिणेत भाताचं जेवण असतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आपल्या महाराष्ट्रात तर एकाच पिढीत ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडली आणि रोजची चपाती, नाश्त्याला पाव, चहाबरोबर टोस्ट-खारी आली. म्हणून ‘आपल्याकडे असलं काही नसतं’ असं म्हणून चालणार नाही.

रक्त वाढत नाही, तर आतडं बघा

मोठ्या माणसांमध्ये हा आजार पोटाच्या तक्रारी घेऊन येईलच असं नाही. जुलाब, पोट फुगणं, वजन उतरणं हे असू शकतं. पण कितीतरी जणांना पोटाचा त्रासच नसतो. त्यांच्यात दिसतं ते वेगळंच : लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, सतत थकवा, तोंडात पुन्हा पुन्हा छाले, हाडं लवकर ठिसूळ होणं, कोपर-गुडघ्यांवर प्रचंड खाज सुटणारे फोड, मूल न राहणं किंवा वारंवार गर्भपात. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असलेल्यांमध्ये सिलिॲकची शक्यता जास्त असते.

ही यादी पुन्हा वाचा. यातल्या निम्म्या तक्रारी घेऊन आपल्या घरातली बाई वर्षानुवर्षं फिरते आणि तिला सांगितलं जातं, ‘बाईचं रक्त कमीच असतं’, ‘खात नाहीस नीट’, ‘टेन्शन घेतेस’. मूल राहत नसेल तर टोमणे वेगळेच. सगळ्याचं कारण सिलिॲकच असतं असं आम्ही म्हणत नाही. रक्त कमी होण्याची कारणं अनेक आहेत. पण गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर ‘ते लोह जातंय कुठे?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी रक्ताची टीटीजी-आयजीए नावाची चाचणी आणि तिच्याबरोबर एकूण आयजीए. ती संशयास्पद आली तर मोठ्या माणसात साधारणपणे दुर्बीण घालून लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन-तीन महिने चपाती सोडली आणि मग तपासणीला गेलात, तर आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. मग पुढची अनेक वर्षं शंकेत जातात, आणि ज्याला आजाराचीच खात्री नाही तो पथ्य किती दिवस पाळणार?

तो एक घास

आता मुद्द्यावर येऊ. साधारण ३० ग्रॅम पिठाच्या एका चपातीत दोन ग्रॅमहून जास्त ग्लूटेन असतं. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पथ्यावर असलेल्या रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं गेलं. तीन महिन्यांत त्यांच्या आतड्यावर परिणाम दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या चपातीचा चाळिसावा भाग किंवा त्याहूनही कमी. हाताच्या नखाएवढा तुकडा. ‘थोडंसं चालतं’ हे म्हणणं इथे का लागू पडत नाही, ते एवढ्या हिशोबावरून कळावं.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. बऱ्याच मोठ्या रुग्णांना गहू खाल्ल्यावर लगेच काहीच होत नाही. शादीत नान खाल्ला, पोट दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी कामावरही गेले. मग वाटतं, डॉक्टर उगाच घाबरवतात. पण पोट न दुखणं हा आतडं शाबूत असल्याचा पुरावा नाही. आत झीज चालूच असते. वर्षानुवर्षं असं चाललं की हाडं पोकळ होतात, रक्त कमी राहतं, आणि थोड्या रुग्णांमध्ये आतड्याचा एक प्रकारचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. पथ्य नीट पाळलं तर आतडं पुन्हा भरून येतं. मुलांपेक्षा मोठ्यांना वेळ जास्त लागतो, कधी वर्ष, कधी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. तेवढ्यात महिन्याकाठी दोन दावतींमध्ये ‘एकच घास’ झाला, तर भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडते.

आपल्या घरांना हे समजणं खरं तर इतरांपेक्षा सोपं जायला हवं. बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचायची सवय आपल्याला आहेच. जिलेटिन कशाचं, तळायला तेल कुठलं, तवा कुणाचा, चमचा कशात बुडवलेला, हे आपण हॉटेलात न लाजता विचारतो. हलालच्या बाबतीत ‘थोडंसं असेल तर काय झालं’ असं कुणी म्हटलेलं आपल्याला चालत नाही. गहू हराम नाही, अल्लाहची नेमत आहे. पण या एका माणसाच्या शरीरासाठी तो जहर आहे, आणि त्याच्यासाठी चौकशी तेवढ्याच काटेकोरपणे करावी लागते.

गिरणीपासून सुरुवात

गहू सोडायचा म्हणजे उपाशी राहायचं नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, बेसन, बटाटे, दूध-दही, अंडी, मासे, गोश्त, फळं, सुका मेवा यांपैकी कशातच ग्लूटेन नसतं. कोकणातल्या आपल्या घरांमध्ये तर तांदळाची भाकरी, घावण, सांदण हे रोजचंच आहे, आणि सोलापूर-मराठवाड्यात ज्वारीची भाकरी. ज्या दादीनं आयुष्यभर भाकरी थापली, तिच्याकडे जाऊन शिकायची ही वेळ आहे. परदेशी महागड्या पिठांच्या मागे लागण्याची गरज नाही. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेली बिस्किटं आणि केक कधीमधी ठीक आहेत, पण त्यांत बऱ्याचदा साखर आणि चरबी भरपूर आणि फायबर कमी असतं. किंमत तर विचारूच नका.

खरी अडचण धान्याची नाही, पिठाची आहे. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून तुम्ही गिरणीत नेता आणि ती गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यात दळली जाते. जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात उतरतं. ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थात कायद्यानं एका किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लूटेन असायला हवं, एफएसएसएआयचा नियमच तसा आहे. गिरणीतून मिसळून आलेलं पीठ या हद्दीत राहील याचा भरवसा नाही. उपाय दोन. फक्त बिनगव्हाच्या धान्यासाठी घरघंटी घ्यायची, दोन-तीन नातेवाइकांत मिळून घेतली तरी चालेल, पण तिच्यात कुणीही एकदाही गहू टाकायचा नाही. नाहीतर ज्या गिरणीत ज्वारी-तांदळाचं जातं वेगळं असतं ती शोधायची. दोन्ही जमत नसेल तर भातावर भर द्यायचा. तांदूळ अख्खा असतो, निवडून धुता येतो, त्यामुळे धोका कमी.

स्वयंपाकघरात पोळपाट-लाटणं, परात, चाळणी आणि तवा वेगळा लागतो. लाकडी पोळपाटाच्या खाचांत पीठ बसून राहतं, धुतलं तरी पूर्ण निघत नाही. लोणच्याच्या बरणीत चपातीच्या हातानं घातलेला चमचा, मस्क्याच्या डब्यात पावाचे कण, ज्या तेलात समोसे तळले त्याच तेलात तळलेली बेसनाची भजी, या सगळ्यांतून ग्लूटेन शिरतं. घर छोटं, ओटा एक, माणसं सात, हे आम्हाला ठाऊक आहे. दोन स्वयंपाकघरं कुणाकडेच नसतात. म्हणून क्रम बदलायचा : आधी त्या माणसाचं जेवण करून झाकून वरच्या फळीवर ठेवायचं, मग कणीक मळायला घ्यायची. आणि भाजी, सालन, डाळ, कबाब हे सगळं घरभर एकच, बिनगव्हाचं केलं तर वेगळं शिजवायचं उरतं ते फक्त भाकरीपुरतं.

आजारी स्वतः स्वयंपाक करणारी बाई असेल तर? दिवसाला तीस-चाळीस चपात्या लाटताना पीठ उडतं, नाकातोंडात जातं, हाताला लागतं. ती स्वतः भात खाते म्हणजे पथ्य पूर्ण झालं, असं नाही. निदान पहिली दोन वर्षं तरी चपात्यांचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. नवऱ्यानं केलं तरी शान कमी होत नाही. ते जमत नसेल तर घरानंच आठवड्यातले काही दिवस भात-भाकरीवर यावं. आमच्या मते पथ्य टिकणार की नाही, हे बहुतेक घरांत याच एका प्रश्नावर ठरतं.

आता लपलेले शत्रू. डबीतला बांधणीचा हिंग : त्यात बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि पापड, लोणचं, फरसाण, तयार मसाले यांत तो हिंग असतो. सोया सॉस गव्हाचा असतो, म्हणजे चायनीजच्या गाडीवरचा फ्राइड राइसही गेला. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवाच्या असतात. आखाती देशांतून येणारी आणि ‘हलाल, अल्कोहोल नाही’ म्हणून आपण हौसेनं घेतो ती माल्टची पेयंही जवाचीच. अल्कोहोल नसलं तरी ग्लूटेन असू शकतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ यांत गहू असतो. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतात आणि कारखान्यात गहू मिसळतो, म्हणून ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्यावेत आणि तेही डॉक्टरांना विचारून. डाळं चालतं, दलिया चालत नाही. नावं जवळची आहेत, दुकानात घोटाळा होतो.

खपली गव्हाबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण हल्ली त्याची फार जाहिरात आहे. खपली जुना असो, पौष्टिक असो, तो गहूच आहे. सिलिॲकच्या माणसाला चालत नाही.

तसंच तलबिनाचं. हदीसमध्ये तलबिनाचा उल्लेख असल्यामुळे आजारी माणसाला तो प्रेमानं करून दिला जातो. पण तलबिना जवाचा असतो. सिलिॲकच्या रुग्णाला तो देऊ नये. युनानी औषधांतही कधी नशास्ता, म्हणजे गव्हाचा स्टार्च वापरलेला असतो, तर हकीमसाहेबांना आजार सांगून विचारावं. ॲलोपॅथीच्या गोळ्यांतही स्टार्च असतो, तो कशाचा आहे हे केमिस्टला विचारण्यात काही गैर नाही.

रमजान, ईद आणि वलीमा

वर्षभर सांभाळलेलं पथ्य रमजानमध्ये मोडतं, कारण त्या महिन्यात खाणं एकत्र होतं. रोजा ठेवता येईल का, हा पहिला प्रश्न. आतडं भरून आलेलं असेल, रक्त आणि वजन ठीक असेल तर अनेकांना काही अडचण येत नाही. नुकतंच निदान झालेलं असेल, अशक्तपणा खूप असेल, बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांचं आधी ऐकावं. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, लोह नीट लागत नाही. एक इफ्तारनंतर, एक सेहरीला, अशी वाटणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

सेहरीला पाव-बटर सोपा पडतो, म्हणून तिथे घसरण होते. रात्रीच भाकरी करून ठेवली, अंडी, दही, केळं, भिजवलेले बदाम असले की पहाटे गडबड नाही. इफ्तारला खजूर, फळं, चण्याची चाट चालतेच. भजी वेगळ्या कढईत, हिंग न घालता. मशिदीत सगळे एका थाळात हात घालतात, तिथे समोशाचा चुरा फळांवर पडलेला असतो. आपली छोटी डबी घेऊन जावं आणि शेजारच्याला आधीच सांगावं, ‘भाई, माझं पथ्य आहे, गैरसमज नको.’

ईदच्या शीरखुर्म्याचा रस्ता सोपा आहे. दूध आटवून त्यात खजूर, चारोळी, पिस्ते घातले की शेवया टाकायच्या आधी एक भांडं बाजूला काढायचं. शेवया भाजलेल्या कढईत ते दूध जाऊ द्यायचं नाही. वाटल्यास त्यात शुद्ध तांदळाच्या शेवया घालाव्यात, पुड्यावर वाचून. फिरनी तांदळाचीच असते. मोहरमच्या खिचड्यात गव्हाऐवजी ज्वारीच्या कण्या घालून बघा, गोश्त आणि डाळी त्याच, मसाला तोच. बकरी ईदला गोश्त चालतंच. फक्त कबाबात पावाचा चुरा नको, बेसन किंवा डाळ्याचं पीठ घाला. निहारी घट्ट करायला आटा घालतात, तिथे तांदळाचं पीठ चालतं.

बिर्याणी सुरक्षित असं सगळेच समजतात, आणि बरंचसं खरंही आहे. पण दम देताना हंडीचं तोंड कणकेनं बंद केलेलं असतं, आणि झाकण उघडताना तिचे तुकडे वरच्या भातात पडतात. बाजारातल्या तळलेल्या कांद्याला कधी मैदा लावलेला असतो. घरी दम देताना ओलं फडकं किंवा तांदळाच्या पिठाची उकड वापरता येते. वलीम्यात बावर्चीला आदल्या दिवशी फोन करून विचारावं आणि हंडीच्या मधला भात घ्यावा. मुर्गी ६५, तंदुरी नान, शाही टुकडा यांच्याकडे न बघितलेलं बरं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे घरून थोडं खाऊन जाणं.

दर्ग्यावर किंवा फातेहानंतर मलिद्याचं तबर्रुक हातात येतं, ते नाकारताना जीव खालीवर होतो. घ्यावं, आदरानं कागदात बांधावं आणि घरी इतरांना द्यावं. रसूलुल्लाह (स.) कधी अन्नाला नावं ठेवत नसत, आवडलं तर खात, नाही तर सोडून देत, हे आपण मुलांना शिकवतो. न खाणं म्हणजे अपमान नव्हे, हे मोठ्यांनीही लक्षात ठेवावं.

आणि यजमानांसाठी एक विनंती. तुमच्या घरी असा पाहुणा येणार असेल तर त्याच्यासाठी खास काही करायच्या भानगडीत पडू नका. सादा भात, घरच्या मसाल्याचं सालन, उकडलेली अंडी, फळं. जे केलं त्यात काय काय घातलं ते खरं सांगा. ‘काही नाही घातलं, खा बिनधास्त’ असं प्रेमापोटी खोटं बोलू नका. आणि तो दोनदा नाही म्हणाला तर तिसऱ्यांदा विचारू नका.

रिश्त्याच्या वेळी

या आजाराबद्दल जे उघड बोललं जात नाही ते इथे बोलायला हवं. मुलीचं निदान झालं की घरातली पहिली काळजी तब्येतीची नसते, रिश्त्याची असते. ‘कुणाला सांगू नका, लग्नानंतर बघू.’ मग लग्न होतं आणि नव्या घरात पहिल्याच दिवशी तिच्या तोंडात मिठाई आणि मालपुवा भरवला जातो. ती खाते, कारण आता सांगितलं तर फसवणूक झाली असं म्हणतील. सहा महिन्यांत रक्त उतरतं, सासरी म्हणतात सून आजारीच आणली. निदान झाल्यानंतरही लपवालपवीत मोडलेलं पथ्य हे सगळ्यात दुःखद, कारण इलाज माहीत असून तो हातातून जातो.

सिलिॲक संसर्गजन्य नाही. सोबत जेवल्यानं, राहिल्यानं लागत नाही. पथ्यावर असलेली बाई साधारणपणे निरोगी आयुष्य जगते, बाळंत होते, नोकरी करते. आजार मुलांमध्ये उतरू शकतो का? शक्यता वाढते, पण उतरेलच असं नाही. रिश्ता ठरवतानाच दोन्ही घरांनी बसून एवढं बोलावं, रिपोर्ट दाखवावा, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या भाकरीची सोय कशी होणार ते ठरवावं. तेवढं ऐकून जे घर मागे फिरेल, ते नंतर तिच्यासाठी वेगळा तवा ठेवेल असं आम्हाला वाटत नाही. मुलांच्या बाबतीतही हेच, फक्त मुलाचं पथ्य आई आणि बायको आपोआप सांभाळतात, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

तपासण्या आणि घरातली बाकीची माणसं

निदानानंतर पहिल्या वर्षात साधारण सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा रक्ततपासणी करून घ्यावी. टीटीजीचा आकडा खाली येत असेल तर पथ्य बऱ्यापैकी जमतंय. मात्र आकडा नॉर्मल आला म्हणजे आतडं पूर्ण भरलंच असं नाही. आकडा अडून बसला असेल तर बहुतेक वेळा कुठून तरी ग्लूटेन शिरत असतं : गिरणी, हिंग, कॅन्टीनचं तेल. रुग्णाला ‘तूच चोरून खातोस’ असं म्हणण्याआधी घरानं हे सगळं तपासावं. हिमोग्लोबिन, लोह, बी१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व आणि मोठ्या वयात निदान झालेलं असेल तर हाडांची घनता, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानं बघावं. आहारतज्ज्ञाची एक भेट तरी घ्यावी, आणि जाताना घरात जो स्वयंपाक करतो त्याला सोबत न्यावं.

घरात एकाला सिलिॲक निघाला की त्याचे आई-वडील, भाऊ-बहिणी आणि मुलं यांची रक्ततपासणी करून घ्यावी, त्यांना काही त्रास नसला तरी. त्यांच्यात हा आजार निघण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. तपासणीपर्यंत त्यांनी चपाती खात राहावं.